आयएमएचए : कुत्र्याचे उपचारांचे महिने आणि घरची देखभाल

सांजवेळ

आमच्या भुरीला आयएमएचए झालाय. इम्यून-मीडिएटेड हीमोलिटिक अॅनिमिया. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशींना परकं समजून मारत सुटते आणि जनावर डोळ्यांदेखत पांढरं पडत जातं. दवाखान्यातला वाईट काळ सरला, आता ती घरी आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडचा डोस हळूहळू खाली येतोय. ज्यांच्या घरी हे निदान नुकतंच झालंय त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. औषधं कोणती ते डॉक्टर सांगतात. पण पुढचे कित्येक महिने ती घरात चालवायची कशी, हे निवांत बसून सांगणारं कोणी भेटत नाही. आणि माझं तर ठाम मत झालंय की या आजारात कुत्रं बरं दिसायला लागलं की मगच त्याला सगळ्यात जास्त जपावं लागतं.

आधी लक्षणांबद्दल, कारण इथे उशीर परवडत नाही. भुरी दोन पायऱ्या चढून थांबायला लागली, पळणं बंद झालं, बसल्या जागी धापा टाकायची. खाणं बऱ्यापैकी चालू होतं. वरचा ओठ उचलून पाहिलं तर हिरडी कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो ते कळेना, इतका रंग उतरला होता. लघवी गडद नारिंगी आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक. फुटलेल्या पेशींमुळे कावीळ होते ती ही. तुमच्या कुत्र्याच्या हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग बघा, तिथे रंग कळतो. असं काही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

दवाखान्यात डॉक्टरांनी काचपट्टीवर तिच्या रक्ताचा थेंब घेतला, त्यात सलाइन मिसळलं आणि पट्टी हलवून मला दाखवली. एरवी सलाइन घातलं की रक्त सुटसुटीत पसरतं. तिच्या थेंबात बारीक तांबडे कण एकमेकांना धरून बसले होते, कितीही हलवलं तरी सुटेनात. पेशींवर अँटिबॉडी चिकटल्या की असं होतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली स्फेरोसाइटही दिसल्या, म्हणजे मधला फिकट भाग हरवलेल्या छोट्या गोल पेशी. निदान त्यावर पक्कं झालं.

यापुढे एक आकडा तुमच्या तोंडी बसणार आहे, पीसीव्ही. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते यात कळतं. निरोगी कुत्र्यात तो साधारण 37 ते 55 असतो.

घरी आणल्यावर मी वही केली आणि ती फार उपयोगी पडली. रोज एकाच वेळी, एकाच खिडकीशी, त्याच उजेडात हिरडी बघायची. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास किती ते मोजायचे, ते 30 च्या आत हवेत. लघवीचा रंग, शीचा रंग, खाणं, उलटी, चालणं आणि दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे खूण. घरात दोघं-तिघं औषध देणारे असतील तर ही खूण नसल्यास डोस दोनदा जातो किंवा चुकतो. ज्यांनी यातून कुत्रं बाहेर काढलंय त्यांनी कृपया लिहा. ज्यांचं कुत्रं गेलं त्यांनीही लिहा, जमेल तेव्हा.

निळाई

सांजवेळताई, धागा अगदी वेळेवर आला. आमच्या कॉकर स्पॅनियलला परवाच हे निदान झालं, चार वर्षांची आहे. रक्त चढवलं, पीसीव्ही 13 वरून 24 झाला, आणि आज पुन्हा 17. चढवलेलं रक्त कुठे गेलं? औषध लागू पडत नाहीये का? मी काल रात्रभर झोपले नाही. प्लीज कोणी सांगा.

खूर आणि पंजा

मी पशुवैद्य आहे. तुमच्या कुत्रीला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

निळाई, चढवलेल्या पेशीही त्याच प्रतिकारशक्तीच्या तावडीत सापडतात, त्यामुळे आकडा पुन्हा उतरणं या टप्प्यावर अनेकदा दिसतं. एवढ्यावरून औषध फसलं असं म्हणता येत नाही. रक्त चढवतात ते वेळ मिळवण्यासाठी. अस्थिमज्जेला नव्या पेशी जोमाने बाहेर सोडायला साधारण 3 ते 5 दिवस लागतात, आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसायलाही काही दिवस जातात. तोवर मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पुरला पाहिजे. पुन्हा रक्त द्यावं लागलं तर बिचकू नका, फक्त आधी एकदा रक्त दिलेलं असल्याने क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ती चाचणी, केलंय ना, हे विचारा. कॉकर स्पॅनियलमध्ये हा आजार जास्त दिसतो, माद्यांमध्येही. तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही.

डॉक्टरांना आणखी एक विचारा, यामागे दुसरं काही कारण आहे का ते तपासलं का? गोचिडांमुळे होणारे आजार, विशेषतः बॅबेसिया, हे मोठं कारण. काही औषधं, गाठी, यांचीही चौकशी होते. त्यासाठी छातीपोटाची तपासणी सांगितली तर ती उगाचची समजू नका. बॅबेसिया असेल तर नुसती प्रतिकारशक्ती दाबून भागत नाही, त्या परजीवीवरही औषध द्यावं लागतं.

आणि रक्ताच्या गुठळ्या. या आजारात कुत्री दगावतात ती बऱ्याचदा अॅनिमियाने नाही, फुप्फुसात गुठळी अडकल्याने. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखं औषध सुरुवातीपासून देतात. पेशी फुटत असताना वरून रक्त पातळ करणारं औषध कशाला, असं घरच्यांना वाटतं आणि ते बंद करतात. करू नका. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. श्वास अचानक वाढला, कुत्रं एका जागी स्वस्थ बसेना, तर फोन करून वेळ घेत बसू नका, सरळ घेऊन या.

निळाई

डॉक्टर, आभार. कारणांच्या तपासण्या आज सकाळीच पाठवल्यात. क्रॉसमॅच केलं होतं, आत्ता फोन करून विचारलं.

कडुनिंब

आमच्याकडे याचा सख्खा भाऊ येऊन गेला, आयटीपी. त्यात तांबड्या पेशींऐवजी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मारल्या जातात. आमच्या कुत्र्याच्या पोटावर केस विरळ असतात तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. गोचीड चावलेत असं वाटावं, पण दाबले तरी फिके होत नव्हते. हिरडीवरही तसेच. प्लेटलेट जवळजवळ नव्हत्याच.

त्या काळात आम्ही घराचं रूप बदललं. सोफा-पलंगावर उड्या बंद, चघळायची कडक खेळणी बंद, दुसऱ्या कुत्र्याशी दंगा बंद. रक्त काढल्यावर ती जागा नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ दाबून धरायला लागायची. शी काळी कुळकुळीत आणि चिकट झाली तर आत रक्त जातंय, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं आणि खरंच एकदा ते कामी आलं. स्टेरॉइड चालू असताना पोटात, आतड्यात व्रण होऊ शकतात. म्हणून वहीत शीचा रंग लिहा हे सांजवेळताईंनी सांगितलं ते अगदी योग्य आहे.

पायवाट

विचारू का? आमच्या ओळखीत सगळे सांगतात की रक्त कमी आहे तर लोहाचं टॉनिक द्या आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी कसलीशी पावडर द्या. द्यावी का? आमच्या लॅब्रेडॉरचं निदान गेल्या आठवड्यात झालं. लोक इतक्या आपुलकीने सांगतात की नाही म्हणवत नाही.

सांजवेळ

पायवाट, पावडर नको, अजिबात नको. आजार मुळात प्रतिकारशक्ती सैरभैर झाल्याचा आहे, आणि आपण महागडी औषधं देतोय ती तिला आवरायला. मग तिला आणखी चेतवणारं काही घालायचं कशाला? मला हे सांगणाऱ्यांना मी एकच वाक्य ऐकवायचे, "तिची प्रतिकारशक्ती कमी नाहीये, जास्त झालीये." पुढे कोणी आग्रह केला नाही.

खूर आणि पंजा

सहमत. लोहाबद्दल सांगायचं तर पेशी शरीरातच फुटतात, त्यातलं लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. रक्त बाहेर वाहून गेलेलं नसेल तर लोहाची तूट सहसा नसते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच द्या. कांदा-लसूण मात्र कोणत्याही रूपात तोंडाला लागू देऊ नका, उरलेल्या रश्शातूनही नाही. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि इथे तेच थांबवायला आपण झटतोय. कच्चं मांसही या काळात नको, कारण दाबलेल्या प्रतिकारशक्तीला त्यातले जंतू झेपत नाहीत.

लंगडतंय, दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. स्टेरॉइडसोबत मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी औषधं गेली की आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येते. माणसांचं आयबुप्रोफेन तर कुत्र्याला एरवीही विषच.

शब्दवेल

मी रात्रींबद्दल लिहिते. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसावर आमचा कुत्रा वाडगाच्या वाडगा पाणी प्यायचा आणि रात्रीत तीनतीनदा उठवायचा. कधी उठवायच्या आतच घरात लघवी व्हायची. इतका शिस्तीचा कुत्रा, झाल्यावर कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून बसायचा. घरातल्या मोठ्यांनी सुचवलं, रात्री पाणी उचलून ठेव. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाणी कधीही तोडायचं नाही. त्याच्या मूत्रपिंडातून पाणी जातंय म्हणून तो पितोय. आम्ही मग गादीवर रबरी चादर घातली, दाराशी शोषक पॅड अंथरले आणि झोपायच्या आधी उशिराची एक फेरी वाढवली. ओरडायचं नाही हे घरात सगळ्यांना बजावलं.

भूक तर विचारू नका. कचऱ्याचा डबा बंद कपाटात गेला. पोट सुटलं, आणि त्याच वेळी कपाळाच्या बाजूचे आणि मागच्या पायांचे स्नायू झिजले. अनोळखी माणसाला वाटायचं, लाडाने जाड झालाय. वजनावर फसू नका, पोटाचा घेर वाढून मांड्या बारीक होत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. आमच्या डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं ते त्यामुळेच, स्टेरॉइड लवकर खाली आणता यावं म्हणून.

खूर आणि पंजा

हे दुसरं औषध म्हणजे बहुधा अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. अॅझाथायोप्रिन परिणाम दाखवायला वेळ लावतं, आणि त्यावर लिव्हर व पांढऱ्या पेशी तपासत राहाव्या लागतात. मायकोफेनोलेटमध्ये जुलाब ही मुख्य तक्रार. सायक्लोस्पोरिन शक्यतो उपाशीपोटी, सुरुवातीला उलट्या होतात, आणि फार दिवस चाललं तर काहींच्या हिरड्या वाढतात.

अॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेटच्या गोळ्या तोडू नका, कुटू नका. हातमोजे घालून द्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या औषधांना हातच लावू नये. शी-लघवी उचलतानाही हातमोजे असू द्या.

सांजवेळ

डोस उतरवण्याबद्दल मला सविस्तर लिहायचं होतं. भुरीचा पीसीव्ही वर आला, ती दाराची बेल वाजल्यावर पुन्हा पहिल्यासारखी धावून गेली, आणि घरातल्या सगळ्यांचं एकच, आता पुरे झाल्या गोळ्या, बघ किती फुगलीये बिचारी. मलाही तिच्याकडे बघून तसं वाटायचं. पण बरी दिसते ती औषधामुळे. प्रतिकारशक्तीने तो वेडेपणा सोडलाय की नुसती दबून बसलीये, हे बाहेरून दिसत नाही. डोस थोडा कमी करून, थांबून, रक्त तपासूनच ते कळतं.

दुसरं म्हणजे स्टेरॉइड एकदम तोडता येत नाही. बाहेरून इतके महिने मिळत असल्यामुळे शरीराची स्वतःची ग्रंथी ते बनवणं थांबवते. अचानक बंद केलं तर कुत्रं उलट्या करत कोसळू शकतं. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच नवी पट्टी घरात हवी, आणि उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्यायची की नाही, हे आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. माझ्या वहीत त्या पानावर रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, तिचं वजन, रक्तगट आणि चालू डोसही आहे. मी घरी नसले तरी कोणीही ते पान उचलून धावू शकतं.

खूर आणि पंजा

यावर 2019 साली पशुवैद्यकांच्या एसीव्हीआयएम या संस्थेने मार्गदर्शक सूत्रं काढली, बरेच डॉक्टर त्यांचा आधार घेतात. सुरुवातीला प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, साधारण 2 ते 3 मिलिग्रॅम प्रति किलो रोज, मोठ्या कुत्र्यांना किलोच्या हिशेबाने त्याहून कमी. पीसीव्ही 30 च्या वर दोन आठवडे टिकला आणि बाकीची चिन्हंही सुधारली की पहिली पायरी खाली, साधारण पाव हिस्सा. मग दर तीन आठवड्यांनी तपासून पुढची पायरी. अशाने पूर्ण उपचार साधारण 4 ते 8 महिने चालतात. काही कुत्र्यांमध्ये आजार उलटतो, म्हणून प्रत्येक पायरीआधी रक्त बघायचंच. "चांगला दिसतोय" एवढ्यावर पायरी उतरायची नाही. हे आकडे फक्त माहितीसाठी दिलेत, यावरून घरी डोस बदलू नका.

अबोली

सांजवेळ, तू म्हणालीस ज्यांचं गेलं त्यांनीही लिहा, म्हणून लिहिते. आमचा पीसीव्ही सुधारत होता. सकाळी त्याने सगळं खाल्लं, संध्याकाळी श्वास लागला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. गुठळीच असावी असं डॉक्टर म्हणाले. औषधं सगळी चालू होती, एकही डोस चुकला नव्हता. मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं की काहीतरी राहून गेलं असेल. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि सांगितलं की हा आजार उत्तम उपचारांतही पुष्कळ कुत्री नेतो. ते मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात "होईल बरा" एवढंच ऐकत होते. डॉक्टरांना विचारा, खरं काय ते सांगा म्हणून. खरं कळल्यावर मी त्याच्याजवळ जास्त बसले असते.

सांजवेळ

अबोली, हे लिहायला किती जड गेलं असेल. तुझा हात हातात घेतलाय असं समज. तुझं हे लिहिणं कोणाच्या तरी नक्की उपयोगी पडेल. दवाखान्यात ठेवलेलं असताना भेटायला जाऊ देतात का, हे मीही प्रत्येकाला विचारायला सांगेन. भुरी माझा आवाज ऐकून थोडंसं खायची, बाकी कोणाच्या हातून नाही.

निळाई

अबोलीताई, वाचून रडले. आणि आज डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून बसून सगळं सांगितलं, धोकाही आणि आशाही. खरं सांगायचं तर त्यानंतरच जरा शांत वाटलं.

मातीचा वास

थोडं वेगळं, पण याच कुळातलं. आमच्या कुत्रीला पेम्फिगस फोलिएशस आहे, त्यात प्रतिकारशक्ती त्वचेवर उलटते. नाकाच्या वर, कानांच्या आत, पंज्यांच्या गाद्यांवर पुवाने भरलेले फोड आणि मग जाड खपल्या. त्वचेचा तुकडा तपासल्यावर कळलं. औषधं बरीचशी हीच. उन्हाने तिचं वाढतं, म्हणून फिरणं पहाटे आणि अंधार पडल्यावर. खपल्या ओढून काढायच्या नाहीत, कोमट पाण्याने भिजवून सुटतील तेवढ्याच. यात बऱ्याच कुत्र्यांना कमी डोस जन्मभर चालू राहतो. आम्ही ते स्वीकारलंय, ती आनंदात आहे.

एक विचारायचं होतं, लसीचं काय करायचं? आणि गोचिडांचं औषध द्यायचं की तेही थांबवायचं?

खूर आणि पंजा

गोचिडांचं औषध थांबवू नका. गोचिडांच्या आजारानेच हे सगळं पेटू शकतं, आणि दाबलेल्या प्रतिकारशक्तीवर तो आजार आला तर सावरणं अवघड. कोणतं द्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारून.

लसींचं प्रत्येक कुत्र्यापुरतं ठरतं. मोठ्या डोसावर असताना जिवंत जंतूंची लस देत नाहीत. पुढे काय द्यावं हे ठरवताना काही लसींसाठी रक्तातल्या अँटिबॉडी मोजता येतात, त्या पुरेशा असतील तर पुन्हा टोचायची घाई नको. रेबीजच्या बाबतीत तुमच्याकडचा कायदा काय सांगतो ते बघून, डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा. पण कोणी विचारलंच नाही आणि नेहमीच्या तारखेला लस टोचून आणली, असं होऊ देऊ नका. दवाखाना बदलला तर दारातच सांगा, याला आयएमएचए होता.

पायवाट

पावडर परत केली. टॉनिकही. वही आणली, रेघा मारून रकाने केलेत. मुलीने हिरडी बघायचं काम स्वतःकडे घेतलंय, शाळेत जायच्या आधी बघते आणि लिहून जाते. आज लिहिलंय, "फिकी पण कालच्यापेक्षा बरी."

निळाई

आमच्याकडचं सांगते. बॅबेसिया नाही, पोटात गाठ नाही. दुसऱ्यांदा रक्त दिल्यावर पीसीव्ही 22, आज 23, रक्त न देता. लघवीचा रंग उतरलाय. दारापर्यंत चालली आणि शेपूट हलवली. तिला थोडं बाहेर नेऊ का?

खूर आणि पंजा

लघवीपुरतं, पट्ट्याने धरून, सपाट जागी. जिना उचलून. 23 वर हृदय अजून जास्त काम करतंय. पट्टा गळ्याला नको, छातीला बांधायचा. उद्या पुन्हा तपासायला सांगितलंय ना?

निळाई

हो, उद्या सकाळी. रिपोर्ट आला की इथे टाकते.

सांजवेळ

टाक. आणि नुसता पीसीव्ही नको, रेटिक्युलोसाइट किती आहेत तेही लिही. नव्या पेशी बनतायत का ते त्यात कळेल.